छोटा हत्ती, इन्ट्रा की पिकअप? हौदा आणि पासिंगचा हिशेब लावून गाडी कशी निवडायची

छोटी मालगाडी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "किती टनाची?" शोरूमवालाही मग टनातच बोलायला लागतो, पाऊण टन, सव्वा टन, दीड टन, दोन टन, आणि शेवटी हप्ता किती बसतो त्यावर गाडी ठरते. माझं मत असं की टन दुसऱ्या नंबरवर येतो, पहिल्यांदा आपल्या मालाने पासिंग (म्हणजे गाडीला कायद्याने जेवढं वजन न्यायची परवानगी असते ते) आधी संपतं की हौद्यातली जागा आधी संपते ते बघायचं. सिमेंटवाल्याचं वजन आधी संपतं आणि गादीवाल्याची जागा आधी संपते, म्हणून एकाच किमतीत दोघांना एकच गाडी कधीच परवडणार नाही. हे एकदा कागदावर काढलं की अर्ध्या गाड्या आपोआप यादीतून जातात.

इथे मी साडेतीन टन एकूण वजनाच्या आतल्या, आपल्याकडे रोज दिसणाऱ्या गाड्यांबद्दलच बोलतोय. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, मारुती सुपर कॅरी, टाटा इन्ट्रा, अशोक लेलँडची दोस्त, महिंद्राची व्हीरो आणि बोलेरो पिकअप, जिला गावाकडे नुसतं "पिकअप" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

पायरी १ : आधी माल लिहून काढा

एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. नेहमीच्या फेरीत किती किलो माल असतो, त्यातली सगळ्यात लांब वस्तू किती फुटांची, आणि जायचं कुठे, म्हणजे गल्लीत, घाटात की शेतात. इथे "नेहमीच्या" हा शब्द महत्त्वाचा, कारण लोक वर्षातून एकदा दिवाळीला येणारा मोठा लोड डोळ्यासमोर ठेवून गाडी घेतात आणि बाकी वर्षभर अर्धा रिकामा हौदा घेऊन डिझेल जाळत फिरतात. त्या एका दिवसाला भाड्याची गाडी बोलवा की, स्वस्त पडते.

वजन माहीत नसेल तर ढोबळ आकडे घ्या. सिमेंटची गोणी ५० किलो. लाल वीट साधारण ३ किलो, म्हणजे अडीचशे विटा झाल्या की पाऊण टन. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास (गॅस १४.२ किलो, बाकी लोखंड). पाण्याच्या हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी, टाकीचं वजन वेगळं. ओली रेती घनमीटरला दीड टनाच्या पुढेच जाते.

पायरी २ : पासिंगचा आकडा उलगडा

ब्रोशरवरचा "७५० किलो पेलोड" म्हणजे ७५० किलो माल, असं धरू नका. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं, आणि त्यांच्यातला फरक म्हणजे तुमचं एकूण पासिंग. आरटीओच्या काट्यावर गाडी चढते ती ड्रायव्हर, क्लिनर, ताडपत्री, दोरखंड, जॅक, स्टेपनी, तुम्ही हौशीने बसवलेली लोखंडी जाळी आणि छत या सगळ्यांसकट चढते. दोन माणसं १४० किलो धरा, ताडपत्री-दोर १५ किलो. म्हणजे छोटा हत्तीच्या ७५० मधून हातात उरतात ५९५. वर अँगलची जाळी आणि पत्र्याचं छत केलं की अजून शंभरभर किलो सहज जातात, पावणेसहाशेचाही विचार सोडा मग.

आता ढोबळ आकडे, मॉडेल आणि व्हेरियंटप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात म्हणून घेताना आरसीवरचाच आकडा खरा धरायचा. छोटा हत्ती ७५० किलो. सुपर कॅरी पेट्रोल ७४० आणि तीच सीएनजीत ६२५, कारण सिलिंडरचं वजन तुमच्या मालातूनच कापलं जातं, हे सीएनजी घेताना कुणी सांगत नाही. इन्ट्रा व्ही ३० तेराशे, व्ही ५० पंधराशे. साधी दोस्त साडेबाराशेच्या आसपास. व्हीरो सोळाशेपर्यंत. बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये सिटी रेंज तेराशेपासून सुरू होते आणि एचडी थेट दोन टनांपर्यंत जाते. इलेक्ट्रिकमध्ये एस ईव्ही २०२२ ला आली तेव्हा ६०० किलोची होती, नंतर एक टनवाली आली. ठरलेला रूट, रात्री चार्जिंगची सोय आणि शहरातल्या शहरात डिलिव्हरी असेल तर बघण्यासारखी आहे, बाजार समितीला लांब जाणाऱ्याने आत्ता तरी डिझेल नाहीतर सीएनजीच बघावं.

पायरी ३ : टेप घेऊन शोरूमला जा

लाजू नका, पाच मीटरचा टेप खिशात टाका आणि हौदा आतून मोजा. ब्रोशरमधलं माप कधी बाहेरून दिलेलं असतं कधी आतून.

छोटा हत्ती गोल्डचा हौदा २२०० बाय १४९० मिमी, म्हणजे सव्वासात फूट लांब आणि पाच फुटाला जरासा कमी रुंद. सुपर कॅरीचा २१८३ बाय १४८८, जवळजवळ तेवढाच. २०२५ ला एस प्रो आली, तेव्हा ३.९९ लाखापासून, पासिंग तेच ७५० पण हौदा साडेसहा फुटांचा. सिमेंट, विटा, तेलाचे डबे वाहणाऱ्याला त्या पाऊण फुटाने काही फरक पडत नाही कारण वजन तसंही आधीच संपणार, पण फर्निचरवाल्याला तो पाऊण फूट रोज टोचणार. इन्ट्रा व्ही ३० चा हौदा २६९० बाय १६२०, व्ही ५० चा लांबीला २९६०. व्हीरोच्या मोठ्या व्हेरियंटमध्ये ३०३५ आणि पिकअप एचडीमध्ये ३०५०, म्हणजे दहा फूट.

आता आठ बाय चारचा प्लाय घ्या, सुतारकामाचा सगळ्यात कॉमन माल. लांबी २४४० मिमी. छोटा हत्तीत तो लांबीने झोपवून ठेवला की वीतभर फाळक्याबाहेर येतो, म्हणजे फाळका उघडा ठेवून, दोर बांधून जावं लागतं, तीच शीट इन्ट्रात आत बसून फाळका बंद होतो. सहा बाय पाचची गादी बघा, पाच फूट म्हणजे १५२ सेंमी आणि छोटा हत्तीची रुंदी १४९. तीन सेंमीसाठी गादी कडांवर चढते, मग उभ्या लावाव्या लागतात आणि उभ्या गाद्यांना वारा लागतो. वीस फुटी पाईपचं तर विचारूच नका, या यादीतल्या कुठल्याच गाडीत आत बसत नाहीत, केबिनवर कॅरिअर लावून तिरके न्यायचे किंवा सरळ मोठी गाडी सांगायची.

लांबी-रुंदीशिवाय अजून दोन मापं घ्या जी ब्रोशरमध्ये लोक बघत नाहीत. एक, जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची. रोज पन्नास किलोच्या गोण्या हातानं चढवायच्या असतील तर कमरेइतका हौदा आणि छातीइतका हौदा यात हमालीचा आणि पाठीचा फरक पडतो. छोट्या चाकांच्या गाड्या इथे जिंकतात. दोन, फाळके किती बाजूंनी उघडतात. तिन्ही बाजूंनी उघडत असतील तर अरुंद दुकानासमोर गाडी आडवी न लावता कडेने माल उतरवता येतो.

आणि हो, स्टाईलवाले डबल केबिन पिकअप, हायलक्स वगैरे, हा वेगळाच प्राणी आहे. हायलक्स ५३२५ मिमी लांब आणि हौदा जेमतेम पाच फूट, त्यातही आत चाकांचे फुगवटे. छोटा हत्ती ३८०० मिमी लांबीत २२०० चा सपाट हौदा देतो, म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त लांबी मालाला. हायलक्स घाटात, चिखलात, कुटुंब घेऊन फिरायला भारी, पण धंद्यासाठी तिच्याकडे बघू नका. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना फोर्ड मॅव्हरिक "छोटी" वाटते, ती पण पाच मीटरच्या वर लांब आहे आणि हौदा साडेचार फूट. उलट टोकाला जपानचा केई ट्रक, ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदीच्या कायदेशीर मर्यादेत बसवलेला, पासिंग ३५० किलो, पण हौदा साडेसहा फुटांच्या आसपास!

पायरी ४ : आपल्या मालाने हौदा कागदावर भरा

इथे जरा वेळ द्या, खरी गंमत इथेच आहे.

उदाहरण टोमॅटोचं घेतो. बाजारात नेहमी दिसणारं कॅरेट साधारण ५४ बाय ३६ सेंमी, २० किलो टोमॅटो आणि कॅरेटचं स्वतःचं दोनेक किलो, म्हणजे २२ धरू. छोटा हत्तीच्या हौद्यात लांबीला चार, रुंदीला चार, एका थराला १६ कॅरेट बसतात. दोन थर लावले की ३२, डोळ्याला गाडी अर्धीच भरलेली दिसते, कॅरेट केबिनच्या काचेपर्यंत पण आलेले नसतात. पण वजन? ३२ गुणिले २२ म्हणजे ७०४ किलो, आणि आपल्या हातात होते ५९५. म्हणजे कायद्याने २७ कॅरेटवर थांबायला पाहिजे. रस्त्यावर लोक चार-चार थर लावून जातात तो भाग वेगळा, त्या गाडीचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उलटे वाकलेले लांबूनच दिसतात.

आता इन्ट्रा व्ही ३०. कॅरेट फिरवून लावले तर लांबीला सात, रुंदीला तीन, म्हणजे २१. पण रुंदीला तीन कॅरेट बरोबर १६२ सेंमी होतात आणि हौदाही १६२ चा, कॅरेट जरा फुगीर असलं किंवा कडेला आतून पत्रा ठोकला असेल तर तिसरं बसत नाही, मग पहिल्यासारखं चार गुणिले चार लावायचं आणि थराला १६ वर यायचं. एका सेंटीमीटरने थराला पाच कॅरेट जातात! म्हणून स्वतःचं कॅरेट उचलून शोरूमला घेऊन जा म्हणतो मी, लोक हसतील, हसू द्या. वजनात बघाल तर १३०० मधून १५५ वजा, ११४५ उरले, ५२ कॅरेट. थराला १६ च्या हिशेबाने तीन थर लावले की वजन आणि जागा जवळजवळ बरोबरच संपतात. भाजीवाल्यासाठी गाडी अशी पाहिजे.

सिमेंटचा हिशेब सोपा आहे, छोटा हत्तीत ११ गोण्या, बस. दोन टनाच्या पिकअपमध्ये ३६. दोन्हीकडे हौदा वरून रिकामाच दिसणार. रेती तर डोळ्यांना सगळ्यात जास्त फसवते. छोटा हत्तीच्या हौद्याच्या कडा फूटभर उंच आहेत, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केला तर जवळजवळ एक घनमीटर येतो, म्हणजे कडेपर्यंत सपाट रेती भरली तरी दीड टनाच्या पुढे, पासिंगच्या दुप्पट. अर्ध्या हौद्यालाही हात आखडता घ्यायला लागतो.

आणि उलटा प्रकार म्हणजे पाव, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कडबा. इथे पासिंग कधीच संपणार नाही, लांब हौदा आणि वरती नीट जाळी लागते, त्यामुळे कमी पासिंगची पण लांब हौद्याची गाडी शोधा, जास्त टनाचे जास्त पैसे कशाला मोजायचे.

पायरी ५ : रस्ता बघा

पेठेत, जुन्या गावठाणात, सोसायटीच्या गेटमध्ये रुंदी आणि वळण बघायचं. छोटा हत्ती दीड मीटर रुंद आणि ४.३ मीटर त्रिज्येत वळतो. २००५ ला टाटांनी ही गाडी आणली ती गिरीश वाघ यांच्या टीमने मुळात तीनचाकी टेम्पोवाल्यांशी बोलून बनवली होती, तीनचाकी जिथे जाते तिथे चारचाकी न्यायची असा विचार होता, त्यामुळे गल्लीत तिला अजून तोड नाही. व्हीरो ५.१ मीटरला वळते, मोठ्या हौद्याच्या मानाने फारच चांगलं. दहा फुटी पिकअप मात्र बोनेटसकट पाच मीटरच्या पुढे जाते, तिला वळायला चौक लागतो.

शेतरस्त्याला उलटं होतं. छोटा हत्तीची १२ इंची चाकं पावसाळ्यात बांधावर अडकली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मोठी चाकं, उंच बूड आणि दणकट चेसिस, इथे बोलेरो पिकअपच. या गटात ती वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपते ती उगीच नाही.

घाटाचं गणित हॉर्सपॉवर भागिले एकूण वजन असं करा. छोटा हत्ती डिझेल वीस हॉर्सपॉवर आणि भरून दीड टन, म्हणजे टनाला तेराच्या आसपास. पिकअप पंच्याहत्तरच्या जवळ आणि भरून तीन टन, टनाला पंचवीस. म्हणजे कसारा किंवा माळशेज भरल्या गाडीने रोज चढायचा असेल तर छोटा हत्ती पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत जाणार, मागे गाड्यांची लाईन लागणार. सुपर कॅरीचं पेट्रोल इंजिन बाराशे सीसी आणि ऐंशी पीएसचं (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), त्यामुळे पाऊण टनात घाटासाठी ती जास्त मोकळी चालते, सीएनजीवर मात्र दम थोडा कमी होतो.

पायरी ६ : कायद्याच्या दोन-तीन रेषा

तीन हजार किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्येच तशी सूट आहे. म्हणूनच बाजारातल्या बऱ्याच पिकअपचं एकूण वजन तीन टनांच्या किंचित खाली ठेवलेलं दिसतं. दोन टन पासिंगच्या गाड्या ही रेषा ओलांडतात, मग परमिटची झंझट आणि खर्च आला, तो धरूनच तुलना करा.

लायसन्सचा घोळ बऱ्यापैकी मिटलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की साडेसात हजार किलोंच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते. फिटनेस सर्टिफिकेट नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचाच. माल कडेने, मागून किंवा उंचीला बाहेर आला तरी २०,०००. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४०,०००. म्हणजे त्या टोमॅटोच्या पाच जादा कॅरेटचे किती सुटतात आणि एकदा सापडलं की किती जातात, तुम्हीच बघा. आणि हौद्यात लग्नाचं वऱ्हाड नेऊ नका, काही झालं तर विम्याचा क्लेम लटकतो.

पायरी ७ : फेरीचा खर्च

समजा बाजार साठ किलोमीटरवर आहे आणि ११०० किलो माल न्यायचाय. छोटा हत्तीला दोन फेऱ्या, २४० किमी, लिटरला २० ॲव्हरेज धरलं तर १२ लिटर. इन्ट्राला एकच फेरी, १२० किमी, १४ चं ॲव्हरेज धरलं तरी साडेआठ लिटर, वर अर्धा दिवस वाचला आणि सकाळचा लिलाव पण चुकला नाही. पण माल रोज ५०० किलोच असेल तर हेच उलटं होतं, छोटा हत्ती ६ लिटरमध्ये जाऊन येतो आणि इन्ट्रा साडेआठच खाते. आपले आकडे टाका, उत्तर आपोआप येतं. टायर, हप्ता आणि विमा वेगळे लिहा.

पायरी ८ : भरून चालवून बघा

रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राईव्ह म्हणजे टाईमपास आहे, रिकामी सगळीच पळतात. डीलरकडे डेमो गाडीत लोड टाकून मागा, नाहीतर ओळखीच्या कुणाची तीच गाडी भरलेली असताना शेजारी बसून जा.

भरताना जड माल केबिनकडे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे, हलका माल फाळक्याकडे. जड माल ॲक्सलच्या मागे गेला की पुढचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, आखूड व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या) गाडीत हे पटकन होतं. टायरची हवा रिकामी आणि भरलेली अशी दोन आकड्यांत दरवाज्याजवळच्या स्टिकरवर दिलेली असते, ती पाळा.

जादा पाटा टाकायचा सल्ला गॅरेजवाला हमखास देतो. पाट्याने गाडी बसत नाही एवढंच होतं, पासिंग वाढत नाही, ब्रेक वाढत नाहीत, टायर तेच. उलट ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी लोड ओळखणारा व्हॉल्व्ह असतो तो चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर बघून ठरवतो की गाडी भरलीय की रिकामी. पाट्याने मागची बाजू उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाट उतरताना हे फार वाईट.

सेकंड हँड घेत असाल तर

केबिनच्या मागे चेसिसला वेल्डिंग मारलंय का ते खाली वाकून बघा, ओव्हरलोडची गाडी तिथेच चिरते. पाटे मोजा, दोन्ही बाजूंना सारखे आणि कंपनीइतकेच आहेत का. हौद्याचा पत्रा मिठाने, खताने, माशाच्या पाण्याने खालून सडलेला असतो, वरून नवीन पत्रा ठोकून झाकतात. मागचे टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेत का ते हात घालून बघा. मग गाडी रिकामी वजनकाट्यावर न्या, शे-दोनशे रुपये जातील, आणि पावतीवरचं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. जाळी, छत, जादा पाटे, डबल पत्रा मिळून दीडशे किलो जास्त भरलं तर तेवढं पासिंग तुम्ही घेण्याआधीच गेलेलं आहे, ते वजा करूनच किंमतीचं बोला.